पर्यटन ‘सावरलं’ म्हणजे नक्की कुठलं सावरलं?

पायवाट (धागाकर्ती)

परवा गप्पांच्या ओघात एकाने ठामपणे सांगितलं, “जपानकडे बघा. भूकंप झाला, सुनामी आली, अणुभट्टी फुटली आणि दोन वर्षांत पर्यटक पहिल्यापेक्षा जास्त!” आकडा चुकीचा नाही. २०१० साली जपानला ८६ लाख परदेशी पाहुणे आले, २०११ साली ६२ लाख, आणि २०१३ साली एक कोटीच्या वर. मी तिथे गप्प बसले, पण डोक्यातून जाईना. म्हणून हा धागा.

लाट बसली ती तोहोकूला, म्हणजे ईशान्येकडच्या सहा प्रांतांना. तिथल्या हॉटेलांतले परदेशी पाहुण्यांचे मुक्काम २०१० च्या पातळीला परत यायला २०१५ उजाडलं. देश ‘सावरला’ म्हणून पाठ थोपटून घेत होता तेव्हा ज्याला लागलं होतं तो अजून आडवाच होता. आणि देशाच्या बेरजेत ते दिसलंही नाही, कारण तोहोकूचा वाटा मुळातच दोन टक्क्यांच्या आतबाहेर. क्योतो-ओसाका भरलं की बेरीज भरते.

मी पंधरा वर्षं एका टूर कंपनीत ऑपरेशन्सला होते. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये भूकंप झाला त्या दिवशी मी ऑफिसातच होते. संध्याकाळपासून कॅन्सलेशनचे फोन सुरू झाले. त्या आठवड्यातल्या ग्रुपचे येणारच होते. पण ऑक्टोबरचे, पुढच्या मार्चचेही यायला लागले. आमचे बरेचसे पॅक्स (म्हणजे प्रवासी) पोखऱ्याला मुक्काम करायचे. भूकंपाचं केंद्र गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ, म्हणजे काठमांडू आणि पोखरा यांच्या मधे. पण जमिनीखालची भेग फाटत गेली ती पूर्वेकडे. काठमांडूचं खोरं, सिंधुपालचोक, लांगटांग या भागांची वाताहत झाली, लांगटांग गाव तर दरडीखाली गाडलं गेलं. पश्चिमेच्या पोखऱ्यात मात्र जवळपास काही पडलं नव्हतं.

तिथला आमचा एक हॉटेलवाला रोज सकाळी फोटो पाठवायचा. हॉटेलच्या दारात स्वतः उभा, हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र, मागे अख्खी इमारत. अपहरण झालेल्या माणसाचा जिवंत असल्याचा पुरावा पाठवतात तसं. मी ते फोटो पॅक्सना फॉरवर्ड करायचे. एक काकू म्हणाल्या, “फोटो छान आहे हो, पण नेपाळ ते नेपाळच ना?”

त्या वाक्यात सगळं आलं. तेव्हाच्या ७५ जिल्ह्यांपैकी १४ जिल्ह्यांना जबर फटका बसला होता. पाहुण्यांनी शिक्षा केली ती ७५ च्या ७५ ना. देशात आलेले पर्यटक २०१४ च्या ७ लाख ९० हजारांवरून ५ लाख ३९ हजारांवर आले. २०१८ ला ११ लाखांच्या पुढे गेले. या घसरणीत आणि त्या चढणीत कुठला जिल्हा कुठे होता हे कुणी विचारत नाही.

तर माझा मुद्दा असा की, ‘अमुक देशाचं पर्यटन चिवट आहे’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. चिवट असतो तो एखादा भाग, एखादं खोरं, एखादा किनारा. आणि तो चिवट का, याचं उत्तर तिथल्या सौंदर्यात किंवा ख्यातीत क्वचितच असतं. पाहुणा कुठून येतो, कसा येतो, आणि तो नाही आला तर तिथल्या लोकांना दुसरं काय करता येतं, यात ते असतं.

तुम्ही पाहिलेली, वाचलेली उदाहरणं द्या. (एक विनंती: आपल्याकडच्या राज्याराज्यांवर आलो की तिसऱ्या प्रतिसादात राजकारण सुरू होतं. तो धागा वेगळा काढू.)

---

टिपकागद

विषय आवडला. तुमच्या ‘कसा येतो’ला क्रोएशियाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

एकच देश, एकच समुद्र. वर वायव्येला इस्त्रिया, खाली दक्षिणेच्या टोकाला दुब्रोव्निक. जगभरातल्या माणसाला नाव माहीत असतं ते दुब्रोव्निकचं. तटबंदीचं शहर, क्रूझची जहाजं, लंडन-अमेरिकेहून विमानं. इस्त्रियाचं नाव सांगितलं तर निम्म्यांना नकाशात दाखवता येणार नाही. पण स्लोव्हेनिया, ऑस्ट्रिया, दक्षिण जर्मनी इथली कुटुंबं गाडीत सामान कोंबून एका दिवसात तिथे पोचतात.

२०२० च्या उन्हाळ्यात विमानं बंद, क्रूझ बंद. क्रोएशियातले एकूण मुक्काम निम्म्यावर आले. पण ही निम्मी घसरण सारखी वाटली गेली नाही. इस्त्रियात जुलै-ऑगस्टमध्ये गाड्यांच्या रांगा होत्या. दुब्रोव्निकच्या गल्ल्या इतक्या रिकाम्या की पूर्वी गर्दीला कंटाळलेले स्थानिकसुद्धा धास्तावले.

त्यात दुब्रोव्निकची भूगोलाने केलेली आणखी एक पंचाईत. तो भाग उरलेल्या देशापासून तुटलेला आहे, मधे न्यूम गावापाशी बोस्नियाची समुद्राला टेकलेली चिंचोळी पट्टी. आपल्याच देशात जायला दोनदा सीमा ओलांडायची. साथीच्या काळात सीमा म्हणजे काय झालं होतं ते आठवा. ती पट्टी टाळून समुद्रावरून जाणारा पेल्येशात्सचा पूल झाला तेव्हा कुठे ही कटकट सुटली, तो उघडला २६ जुलै २०२२ ला.

म्हणजे गाजलेलं ठिकाण नाजूक, आणि ज्याला कुणी ‘आयुष्यात एकदा तरी’च्या यादीत घालत नाही ते तगून राहिलं.

---

उंटावरचा शहाणा

थोडक्यात, इन्स्टाग्रामवर नसणं हा विमा आहे. हप्ता शून्य.

---

खडूस म्हातारा

धागा वाचला. दोन आक्षेप.

एक, यात नवीन काय? दूरच्या गिऱ्हाइकावर दुकान चालवलं की वादळात दुकान बसतं हे कुठल्याही वाण्याला कळतं.

दोन, आणि हा महत्त्वाचा. तुम्ही सगळे ‘जवळचा पाहुणा’ म्हणजे जणू संजीवनी अशा थाटात लिहिताय. बाली बघा. २०१९ ला साठ लाखांवर परदेशी पाहुणे. २०२१ च्या अख्ख्या वर्षात अधिकृत नोंदीत परदेशी पाहुणे शंभराच्याही आत. हजार नव्हे, शंभर! पण त्याच वर्षी इंडोनेशियातले देशी पाहुणे बालीला आले चाळीस लाखांवर. मग बाली सावरायला हवं होतं ना? २०२० ला इंडोनेशियाची अर्थव्यवस्था दोन टक्क्यांनी आकसली आणि बालीची नऊ टक्क्यांहून जास्त. २०२१ ला देश साडेतीन टक्क्यांच्या वर वाढला, बाली तेव्हाही खालीच चाललं होतं.

डोकी मोजून पोट भरत नाही. जकार्ताचा माणूस शनिवार-रविवार येतो, घासाघीस करतो, परत जातो. ऑस्ट्रेलियन दहा दिवस राहतो. बालीतली हॉटेलं, व्हिला, सर्फिंगचे वर्ग, सगळं या दहा दिवसांच्या मापाने शिवलेलं. दोन दिवसांच्या माणसाला तो अंगरखा ढगळ होतो.

आणि हो, तुमच्या त्या ‘चिवट’ शब्दाबद्दल. चिवट वस्तू तुटत नाही. इथे गोष्ट आहे पडून परत उठण्याची. त्याला आपल्या भाषेत ‘उभारी’ म्हणतात. शब्द असताना वापरत का नाही लोक?

---

पायवाट

काका, बालीचा मुद्दा एकदम मान्य. मी तो घाईत सोडून दिला होता. जवळचा पाहुणा दिवा विझू देत नाही, पण त्यावर कर्जाचे हप्ते फिटतीलच असं नाही. ज्याने चौथ्या मजल्याचं कर्ज परदेशी पाहुण्याच्या भरवशावर काढलं त्याला देशी पाहुणा वाचवू शकत नाही. आणि ‘उभारी’ घेतला. छान शब्द आहे.

थायलंडमध्ये हेच जरा वेगळ्या तऱ्हेने झालं. २०१९ ला तिथे चार कोटींच्या आसपास परदेशी पाहुणे, २०२१ ला साडेचार लाखसुद्धा नाहीत. २०२० च्या जुलैत सरकारने देशी पर्यटनाची योजना काढली, हॉटेलच्या भाड्यातले ४० टक्के सरकार भरणार, एका रात्रीला कमाल ३००० बाथ. कागदावर ही योजना सगळ्या देशाला सारखी होती. पण सवलत मिळाली म्हणून बँकॉकचा माणूस कुठे जाईल? गाडीने दोन-तीन तासांत पोचता येईल तिथे. हुआ हिन, खाओ याई, पट्टाया. फुकेट विमानाच्या अंतरावर आणि आधीच परदेशी पाहुण्याच्या मापाने बांधलेलं. तिथे हॉटेलांवर हॉटेलं कुलूपबंद. शेवटी १ जुलै २०२१ ला फुकेटला ‘सँडबॉक्स’ करून लसवंत परदेशी पाहुण्यांना विलगीकरणाशिवाय घ्यायला लागले, कारण देशी पाहुण्यावर ते बेट चालत नाही हे वर्षभरात कळून चुकलं होतं.

म्हणजे देशभर सारखी मदत वाटली की ती सारखी पोचत नाही. उताराकडे वाहते.

---

नकाशेवाला

सगळेजण साथीवरच बोलताय. साथ ही सगळ्यांना एकदम बसलेली थप्पड. मला त्यापेक्षा एकाच गावाला बसलेली थप्पड बघायला जास्त आवडतं, कारण तिथे बारकावे दिसतात. न्यूझीलंडच्या काइकोराबद्दल लिहितो. लांबेल, सोसून घ्या.

दोन हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. किनाऱ्याजवळच समुद्र एकदम खोल जातो, त्यामुळे तिथे स्पर्म व्हेल जवळून दिसतात. गावाचा गाडा त्यावर चालतो. आणि गाव राष्ट्रीय महामार्ग एकवर, पिक्टनची फेरी उतरून क्राइस्टचर्चला जाणारा प्रत्येक माणूस काइकोरातून जाणार. म्हणजे व्हेल न बघणाराही तिथे थांबून काहीतरी विकत घेणार.

१४ नोव्हेंबर २०१६, मध्यरात्रीनंतर ७.८ चा भूकंप. गावातली पडझड त्या मानाने बेताची. पण उत्तरेचा आणि दक्षिणेचा, दोन्हीकडचा महामार्ग दरडींखाली, रेल्वेचे रूळ काही ठिकाणी उचलून समुद्राकडे फेकलेले. अडकलेले शेकडो पर्यटक नौदलाच्या जहाजाने आणि हेलिकॉप्टरने काढले.

आता खरी मेख. भूकंपाने समुद्राचा तळच वर उचलला गेला. ज्या धक्क्यावरून व्हेल बघायच्या बोटी सुटायच्या तिथलं पाणी उथळ झालं, भरतीच्या वेळीच काय ते बोट निघायची. व्हेल तिथेच, बोटी शाबूत, कर्मचारी हजर, आणि पाणी नाही! तळ खोदून बंदर पुन्हा नीट चालू व्हायला वर्ष लागलं. उत्तरेकडचा महामार्ग १५ डिसेंबर २०१७ ला उघडला, तेरा महिन्यांनी.

या तेरा महिन्यांत वाहतूक कुठून गेली? आत डोंगरातून, मर्चिसन आणि लुईस पासवरून. मर्चिसन हे एरवी वाटेत लागलं तरी कुणी न थांबणारं गाव. त्यांच्या अरुंद रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक. धंदा वाढला आणि झोप उडाली.

देशाच्या आकड्यात यातलं काय दिसलं? काहीच नाही. ते वर्ष न्यूझीलंडला पाहुण्यांच्या बाबतीत उत्तम गेलं. जो काइकोराला थांबला नाही तो दुसरीकडे थांबला. देशाच्या दृष्टीने नुकसान शून्य, पाहुणा फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला.

माझ्या मते ताईंच्या यादीत एक गोष्ट जोडायला हवी. त्या भागाला जाणारे रस्ते किती? एकच रस्ता असलेलं गाव कितीही सुंदर असो, त्याची उभारी बुलडोझरवाल्याच्या हातात असते.

---

भिंगरी

काइकोराची माहिती भारी! व्हेल आहे, बोट आहे, पाणी नाही, हे डोक्यातून जाणार नाही.

एक शंका. भूकंपात निदान कुठे लागलं ते कळतं. दहशतवादी हल्ल्यानंतर काय होतं? तिथे तर भीती कुठवर पसरावी याला धरबंदच नसणार.

---

टिपकागद

भिंगरी, तिथे भीतीइतकंच वजन दुसऱ्या देशाच्या सरकारी सल्ल्याला असतं. इजिप्त बघा.

३१ ऑक्टोबर २०१५ ला लाल समुद्राकाठच्या शर्म अल शेखहून सेंट पीटर्सबर्गला निघालेलं रशियन विमान सिनाईत पडलं, २२४ माणसं गेली. ब्रिटनने शर्मला थेट विमानं बंद केली. ती बंदी उठली ऑक्टोबर २०१९ ला, चार वर्षांनी. पण त्याच लाल समुद्राच्या पलीकडच्या काठावर हुरघाडा आहे, तिथे ब्रिटिश पाहुणे जाऊ शकत होते. तेच पाणी, तीच प्रवाळं, एक किनारा बंद आणि दुसरा चालू. रशियाने मात्र इजिप्तची सगळीच विमानं थांबवली. कैरोची २०१८ ला सुरू झाली, लाल समुद्राच्या दोन्ही ठिकाणांची थेट ऑगस्ट २०२१ ला.

आणि लक्सर, ते नाईलकाठचं प्राचीन देवळांचं शहर? तिथे नाव घेण्यासारखा हल्ला झाला होता १९९७ च्या नोव्हेंबरात, हत्शेपसुतच्या देवळात, ६२ माणसं मारली गेली. २०११ च्या क्रांतीत लढाई झाली ती कैरोच्या तहरीर चौकात, लक्सरपासून पाचशे किलोमीटरवर. तरी नाईलवरच्या क्रूझ बोटी लक्सरच्या धक्क्याला वर्षानुवर्षं बांधून पडल्या. कारण लक्सरला जाणारा पाहुणा कैरो, पिरॅमिड, नाईल असं एक पॅकेज घेतो. कैरो वगळलं की पॅकेजच तुटतं. लाल समुद्राचा पाहुणा चार्टरने, म्हणजे टूर कंपनीने भाड्याने घेतलेल्या विमानाने, थेट किनाऱ्यावर उतरतो, त्याला कैरोत काय चाललंय याच्याशी देणंघेणं नाही. २०११ ला किनाऱ्याने त्यामुळे तग धरला. २०१५ ला चार्टर थांबलं तेव्हा तोच किनारा तोंडावर आपटला.

एका संकटात जे बळ तेच दुसऱ्यात दुखणं.

---

पायवाट

टिपकागद, शेवटचं वाक्य माझ्या धाग्याच्या वर्मावर बोट ठेवणारं आहे. मी लिहिलं होतं ‘चिवट असतो तो एखादा भाग’. तेही अपुरंच म्हणायचं. कुठल्या धक्क्यापुढे, हे सांगायला हवं.

भिंगरी, भीतीबद्दल एक गोष्ट. २००४ च्या सुनामीनंतर फुकेटची बरीच हॉटेलं काही आठवड्यांत उघडली (शेजारच्या खाओ लाकची कहाणी वेगळी, ते पार धुऊन निघालं होतं). स्वीडनची ५४३ माणसं त्या लाटेत गेली होती. तरी उत्तर युरोपातले पाहुणे तुलनेने लवकर परतले. पूर्व आशियातले, विशेषतः चिनी पाहुणे बराच काळ आले नाहीत. इतकी माणसं जिथे अपमृत्यूने गेली तिथे आत्मे भटकत असणार, ही भीती. हॉटेलवाल्यांनी भिंती रंगवल्या, पाण्याची शुद्धता सिद्ध केली, दर पाडले. भुताला डिस्काउंट कसं देणार?

---

गणकयंत्र

उशिरा आलो. चर्चा चांगली चालली आहे, थोडी शिस्त लावतो.

‘उभारी’ या एका शब्दात आपण दोन-तीन गोष्टी कोंबतोय. पर्यावरणशास्त्रज्ञ हॉलिंग यांनी १९७३ साली हा फरक मांडला होता: धक्का बसल्यावर मूळ जागी परत येणं वेगळं, आणि धक्का पचवून टिकून राहणं वेगळं. पुढे केंब्रिजचे भूगोलतज्ज्ञ रॉन मार्टिन यांनी २०१२ ला प्रदेशांच्या अर्थव्यवस्थांसाठी त्याचे चार पदर सांगितले. किती कमी पडलात, किती लवकर उठलात, उठताना धंद्याची घडी किती बदलली, आणि पुढची वाट जुनीच की नवी.

यातल्या पहिल्या दोन पदरांची गल्लत इथे सारखी होतेय. तुर्कस्तानचं समुद्रकाठचं अंताल्या घ्या. २४ नोव्हेंबर २०१५ ला तुर्कांनी रशियाचं लढाऊ विमान पाडलं, रशियाने चार्टर बंद केली. तुर्कस्तानला येणारे रशियन पाहुणे २०१५ ला ३६ लाख, २०१६ ला नऊ लाखांच्या आत, आणि २०१७ ला ४७ लाख. त्यातले बहुतेक अंताल्याचे. याला चिवट म्हणणार की नाजूक? पडण्यात एक नंबर, उठण्यातही एक नंबर. दोन राष्ट्राध्यक्षांचं भांडण झालं आणि मिटलं, एवढंच.

उलट स्पेनमध्ये २०२० ला देशाची अर्थव्यवस्था ११ टक्क्यांच्या आसपास घसरली, बलेआरिक बेटांची २० टक्क्यांहून जास्त. उत्तरेकडचे अस्तुरियास, कांताब्रिया हे भाग माद्रिदच्या उन्हाला कंटाळून गाडीने येणाऱ्या देशी पाहुण्यांचे, त्यांचा ऑगस्ट बरा गेला. पण नंतर विमानं सुरू झाल्यावर बेटं अशी उसळली की ही तुलनाच लोक विसरले. कमी पडणारा भाग कमीच वाढतो, बऱ्याचदा. सरकारने कुणाला आदर्श मानावं?

---

झुळूक

गणकयंत्र, तुमचं सगळं बरोबर असेल. मला मात्र ‘लवकर उठणं चांगलं’ हे गृहीतकच पटत नाही.

८ ऑगस्ट २०२३ ला माऊई बेटावरचं लहाइना गाव जळालं. शंभरावर माणसं गेली. घर गेलेल्या हजारो लोकांना राहायला कुठे ठेवलं? किनाऱ्यावरच्या हॉटेलांत. तिकडे हवाईची बाकीची बेटं शाबूत, पण पाहुण्यांनी तिथलीही बुकिंग रद्द केली (पायवाटताईंच्या काकू जगभर आहेत). महसूल आटला. मग ८ ऑक्टोबरला, बरोबर दोन महिन्यांनी, पश्चिम माऊई पर्यटकांसाठी टप्प्याटप्प्याने उघडायचं ठरलं. स्थानिकांनी सह्यांची मोहीम काढली, अजून नको म्हणून.

डोळ्यांसमोर आणा. हॉटेलच्या स्वागतकक्षात उभी असलेली बाई. तिचं घर जळालंय, ती त्याच किंवा शेजारच्या हॉटेलात तात्पुरती राहतेय, आणि काउंटरपलीकडचा पाहुणा हसून विचारतोय, “तुमचं काही नुकसान झालं का हो?” दिवसातून दहा वेळा. आलेखात हा महिना ‘पुनरुत्थानाचा प्रारंभ’ म्हणून दिसेल.

त्याच वेळी कामाविना बसलेले लोक म्हणत होते, लवकर उघडा, भाडं थकलंय. दोघंही खरे. म्हणून विचारते, उभारी कुणाची मोजायची? हॉटेलाची, की त्या बाईची?

दुसरी बाजूही सांगते. बालीच्या शेजारच्या नुसा लेंबोंगान बेटावर पर्यटन वाढलं तसं लोकांनी समुद्रशेवाळाची शेती सोडली होती. २०२० ला पाहुणे थांबले तेव्हा तीच माणसं पुन्हा कमरेभर पाण्यात उतरली, दोर बांधले, शेवाळ लावलं. कारण ते काम हाताला अजून आठवत होतं. पर्यटनाचा आकडा त्या बेटावर शून्य, आणि माणसं तगली. खडूसकाका, तुमच्या टक्केवारीत हे बसतं का?

---

खडूस म्हातारा

झुळूकबाई, नाही बसत. टक्केवारीत शेवाळही मोजतात, पण कमरेभर पाणी मोजत नाहीत.

एक मात्र सांगतो. पुढच्या पिढीला ते काम येणार नाही. रिसॉर्टमध्ये लहानाची मोठी झालेली पोरं दोर बांधणार नाहीत. त्यामुळे हा आधार एकदाच वापरता येणारा असू शकतो.

---

उंटावरचा शहाणा

काका चक्क कुणाशी तरी सहमत झाले. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

निवांत

मी फक्त वाचणारा, पण एक विचारतोच. बातमीत ‘अमुक देशाचं पर्यटन विक्रमी’ असं आलं की सामान्य माणसाने नेमकं काय बघावं? ‘खोटं आहे’ म्हणून सोडून द्यायचं का?

---

पायवाट

निवांत, खोटं नसतं, अर्धं असतं. मी स्वतः ऑफिसात काय बघायचे ते सांगते.

सीमेवर किती माणसं मोजली ते बाजूला ठेवायचं, आणि कुठल्या भागात किती रात्री काढल्या ते शोधायचं. जपान, क्रोएशिया, स्पेन हे देश तसे आकडे प्रांतवार, महिनावार देतात. मग बघायचं की एखाद्या भागातल्या रात्रींपैकी एकाच देशातल्या पाहुण्यांच्या किती. अंताल्यासारखं मोठं ढेकूळ दिसलं की समजायचं, इथली सूत्रं बाहेर हलतात. आणि ऐन हंगामाच्या दोन महिन्यांत वर्षातला किती हिस्सा येतो तेही, कारण तेवढ्याच दोन महिन्यांत काही घडलं तर पुढचे दहा महिने गेले. आम्ही एवढं शास्त्रोक्त करत नव्हतो. ग्राउंड हँडलरला (तिथली व्यवस्था बघणाऱ्या स्थानिक एजंटला) फोन करून विचारायचे, “आज तुझ्या रस्त्यावर किती हॉटेलांचे दिवे लागलेत?”

बाकी नकाशेवाल्यांचा रस्त्यांचा मुद्दा मी माझ्या यादीत घालून घेतला, आणि झुळूकच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

जाता जाता. या धाग्यामुळे त्या पोखऱ्याच्या हॉटेलवाल्याला काल बऱ्याच दिवसांनी मेसेज केला. विचारलं, २०२० ला काय केलंस रे? त्याचं लांबलचक उत्तर आलं. पहिले काही महिने टाळं. मग दसैंच्या (नेपाळच्या दसऱ्याच्या) सुमाराला काठमांडूहून पोरं मोटरसायकलवर यायला लागली. एका खोलीत चौघं, भाडं निम्मं, पहाटेपर्यंत गाणी. एरवी त्याने अशांना दारात उभं केलं नसतं. त्या वर्षी पार्किंगमधली कुंड्यांची रांग काढून मोटरसायकलींना जागा केली.

मी विचारलं, आता परदेशी पाहुणे परत आलेत, तर कुंड्या पुन्हा लावल्यास का?

म्हणाला, अर्ध्या लावल्या.